पहिल्यांदाच पोपट पाळायचा आहे, कोणती जात निवडावी?

कवडसा

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर एकही पक्षी पाळलेला नाही, त्यामुळे अगदी मुळापासून विचारते आहे. घरात आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करते, बाकीचे दिवस सकाळी बंद केलेलं घर संध्याकाळीच उघडतं. नवऱ्याला धुळीची ऍलर्जी आहे.

मुलीला बोलणारा पोपट हवा आहे. आफ्रिकन ग्रेचे व्हिडिओ बघून तिने तोच धरून ठेवला आहे. मला सन कोन्यूरच्या पिवळ्या-केशरी रंगाने भुरळ घातली आहे. पक्षी हौसेपुरता आणून नंतर कोपऱ्यात टाकायचा नाही, हे आमचं पक्कं आहे. म्हणूनच आणायच्या आधी विचारते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने कोणती जात घ्यावी? आणि कोणती अजिबात घेऊ नये?

रानपिंगळा

आणायच्या आधी विचारलंत, फार बरं वाटलं. बहुतेक जण पक्षी घरी आल्यावर विचारतात.

जातींकडे वळण्याआधी चार गोष्टी ठरवा. पिंजऱ्याबाहेर माणसांसोबत रोज किती वेळ देऊ शकता, किती आवाज सहन होईल (तुम्हाला आणि शेजाऱ्यांना), पिसांची भुकटी चालेल का, आणि पुढची किती वर्षं हा पक्षी तुमची जबाबदारी असेल. रंग आणि बोलणं यानंतर. बोलेल म्हणून आणलेला पक्षी बोलला नाही, तर त्याच्याकडे दुर्लक्ष व्हायला लागतं, आणि कोणत्याही जातीचा एखादा पक्षी बोलेलच अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून स्पष्ट सांगतो: आफ्रिकन ग्रे नको आणि सन कोन्यूरही नको.

ग्रेचं वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि नीट सांभाळला तर तो ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतो. तुमची मुलगी पन्नाशीला येईल तेव्हाही तो असू शकतो. लोक ज्याचं उदाहरण देतात तो ॲलेक्स, डॉ. आयरीन पेपरबर्ग यांच्या अभ्यासातला ग्रे. त्याला १००हून जास्त शब्द येत, रंग, आकार, वस्तू ओळखता येत. पण तो जवळजवळ ३० वर्षं रोज दिवसभर शिकवणाऱ्या माणसांत होता. तीच बुद्धी दिवसभर रिकाम्या घरात अडकली की स्वतःचीच पिसं उपटायला लागते. छातीवर एक पीस शिल्लक नसलेले ग्रे मी पाहिले आहेत. एकदा सवय जडली की पिसं परत आली तरी उपटणं थांबेलच असं नाही.

शिवाय ग्रेला भुकटीची पिसं असतात. ही पिसं मोडून त्यांची पांढरी पूड होते आणि घरभर बसते. धुळीची ऍलर्जी असलेल्या घरात तेवढं एक कारणसुद्धा पुरे.

सन कोन्यूर प्रेमळ असतो, यात वाद नाही. पण रानात लांब असलेल्या थव्याला हाक मारायला बनलेला त्याचा आवाज भिंतीपलीकडेही तसाच पोचतो. आणि हे ओरडणं म्हणजे खोड नव्हे, ते त्याचं बोलणंच आहे, त्यामुळे शिकवून बंद करता येत नाही. सामाईक भिंतीच्या घरात त्याचे हाल होतात आणि शेवटी तो कुणाला तरी देऊन टाकला जातो.

खडीसाखर

रानपिंगळांशी पूर्ण सहमत. माझं मत बजीला, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटाला. अगदी शंभर टक्के.

बजी लहान आणि सहज मिळणारा, म्हणून लोक त्याला खऱ्या पोपटांत धरत नाहीत. त्याचा मला फार राग येतो. ३०-४० ग्रॅमच्या त्या जिवाला पोपटाचं सगळं आहे: थव्याची ओढ, नक्कल, हट्ट, आवडीनिवडी. आणि बोलण्याचं म्हणाल तर पक्ष्यांमधल्या सर्वांत मोठ्या शब्दसंग्रहाचा गिनीज विक्रम एका बजीच्या नावावर नोंदला गेला. त्याचं नाव पक, १९९४ मध्ये तो गेला तेव्हा त्याला १,७२८ शब्द येत होते. बजीचं बोलणं भराभर आणि बारीक आवाजात असतं, कान देऊन ऐकावं लागतं. नर जास्त बोलतात.

एक काळजी घ्या. बऱ्याच ठिकाणी बजींनाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. लव्हबर्ड ही आफ्रिकेतली वेगळी पोपटजात, बजी ऑस्ट्रेलियातला. स्वभावात खूप फरक आहे, त्यामुळे समोर काय आहे ते बघून घ्या.

चांदणचुरा

मी कॉकटिएलच्या बाजूने. पहिल्या पक्ष्यासाठी यापेक्षा मवाळ पोपट मला माहीत नाही. ८० ते १०० ग्रॅम वजन, डोक्यावर तुरा, आणि तुऱ्यावरून मनातलं कळतं. ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कशाने तरी चकित झालाय, सैल मागे पडलेला म्हणजे निवांत, डोक्याला घट्ट चिकटवून फिस्स करत असेल तर हात मागे घ्या. नवख्या माणसाला पक्ष्याची देहबोली वाचायला शिकवणारा याच्यासारखा दुसरा नाही. बजी चावणार आहे हे कळेपर्यंत तो चावून मोकळा होतो.

नर शिट्ट्या सुंदर मारतात, ऐकलेल्या धून उचलतात. शब्द मोजके. माद्या बऱ्याच शांत. आयुष्य १५ ते २० वर्षं.

पण तुमच्या घरासाठी एक मोठी अडचण आहे, ती लपवत नाही. कॉकटिएल हा काकाकुआंच्या कुळातला सर्वांत छोटा पक्षी, आणि भुकटी या सगळ्या कुळालाच असते. त्याला हातावर घेऊन मग काळा शर्ट बघा, लगेच कळेल. आंघोळ, पिंजऱ्याजवळ हेपा फिल्टर (हवेतली बारीक धूळ गाळणारा), रोज ओल्या फडक्याने पुसणं, याने कमी होते, नाहीशी होत नाही. ज्यांच्याकडे कॉकटिएल आहेत अशा एखाद्या घरी नवऱ्याला घेऊन दोन-तीनदा निवांत बसून या. एका भेटीवर ठरवू नका.

वाटसरू

जरा वेगळा सूर लावतो. 'पहिला पक्षी छोटाच घ्या' हे वाक्य सगळेच म्हणतात, पण मला ते सरसकट पटत नाही. माझा पहिलाच पक्षी ग्रे होता आणि तो उत्तम आहे. मी घरूनच काम करतो, तो दिवसभर माझ्या खोलीत असतो. आणण्याआधी वर्षभर वाचलं, एका अनुभवी माणसाकडे जाऊन हाताळायला शिकलो. माणसाची तयारी असेल तर जात आड येत नाही.

आणि बजी 'सोपा' म्हणून सांगितला की लोक त्याला छोट्या पिंजऱ्यात, नुसत्या बियांवर, एकटा ठेवतात. 'सोपा' या शब्दाने बजींचं जेवढं नुकसान झालंय तेवढं दुसऱ्या कशाने झालं नसेल.

रानपिंगळा

वाटसरू, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. बजी सोपा नाही, तो फक्त त्याच्याबाबतीत झालेल्या चुका गुपचूप सोसतो. ग्रेच्या चुका सगळ्या घराला ऐकू येतात.

पहिल्या मुद्द्याबद्दल: तुम्ही दिवसभर घरी आहात आणि वर्षभर तयारी केलीत. या धाग्यातल्या घराची परिस्थिती तशी नाही. म्हणून मी 'ग्रे वाईट' असं म्हणत नाही, 'या घराला ग्रे नको' म्हणतोय. आणखी एक कारण आहे. पकडून विकण्यामुळे रानातले ग्रे इतके घटले की २०१६ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने त्यांना पहिल्या परिशिष्टात टाकलं. म्हणजे रानातल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. ज्या पक्ष्याच्या जन्माचा पुरावा, पायातली बंद कडी (पिल्लू असतानाच चढवलेली ओळखीची कडी) आणि कागद नाहीत, तो कुठून आलाय हे नवख्याला ओळखता येत नाही. बजी, कॉकटिएल आणि पीचफेस लव्हबर्ड या जाती त्या कराराच्या यादीतच नाहीत, आणि विकले जाणारे त्यांचे पक्षी पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले असतात.

मोरपिशी

रिंगनेकचं, म्हणजे गळ्याभोवती कडं असलेल्या पोपटाचं, कुणीच कसं नाव घेत नाही? निळा रिंगनेक बोलतो स्वच्छ, भुकटी जवळपास नाही.

रानपिंगळा

बोलतो खरा. पण पहिल्या पक्ष्यासाठी मी सुचवणार नाही. चार-पाच महिन्यांचा झाल्यावर रिंगनेकचा एक काळ येतो: फुत्कारतो, चोच मारतो, हात जवळ आणू देत नाही. त्या दिवसांत माणूस घाबरून मागे हटला की पक्षी तेच शिकतो, आणि माणसाळलेला रिंगनेक पुन्हा रानटी व्हायला वेळ लागत नाही. नवख्याचा धीर नेमका तिथेच सुटतो.

कायदाही बघावा लागतो. रिंगनेक हा भारतातला रानपक्षी, त्यामुळे तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे. क्वेकर पोपटावर अमेरिकेच्या काही राज्यांत बंदी आहे, कारण सुटलेले क्वेकर काटक्यांची प्रचंड घरटी बांधून वसाहती करतात. कोणतीही जात पक्की करण्याआधी तुम्ही राहता तिथला नियम वाचा.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रे आणि सन कोन्यूर दोन्ही बाद केले. मुलीला ॲलेक्सची गोष्ट सांगितली, तेव्हा तिनेच विचारलं, "मग आपण शाळेत-ऑफिसला गेल्यावर तो कुणाशी बोलणार?"

आता यादीत बजी, लव्हबर्ड आणि ग्रीनचीक कोन्यूर. ग्रीनचीक तुलनेने शांत असतो असं वाचलं. मुलगी हाताळणार आहे हेही लक्षात घेऊन सांगाल का? आणि एक घ्यावा की दोन?

चांदणचुरा

ग्रीनचीक खरंच शांत, म्हणजे कोन्यूरांमध्ये. ६०-८० ग्रॅमचा, खेळकर, पाठीवर लोळणारा, शर्टात शिरून झोपणारा. ज्याला अंगाखांद्यावर खेळणारा पक्षी हवा त्याला याहून चांगला मिळणार नाही. बोलणं मात्र जेमतेम. आणि तो चोचीने जग तपासतो. लाडातही चावतो, उत्साहातही चावतो. मोठ्या माणसाला हात न झटकता, न ओरडता, त्याला शांतपणे दांडीवर ठेवून देता येतं. नऊ वर्षांच्या मुलीकडून ही अपेक्षा मला जड वाटते. ओरडलं की त्याला गंमत वाटते आणि तो पुन्हा चावतो. मुलगी तेरा-चौदाची असती तर मी बेधडक हो म्हटलं असतं.

शेवंती

लव्हबर्डबद्दल मी सांगते, माझ्याकडे पीचफेस आहेत. दिसायला गोंडस, पण स्वभावाने राजेशाही. आपल्या पिंजऱ्यात कुणाचा हात आलेला खपत नाही, मादीला तर अजिबात नाही. कागदाच्या लांब पट्ट्या कापून कमरेच्या पिसांत खोचून घेऊन जाते, बघत राहावं असं काम असतं. पण त्याच दिवसांत तिच्या जवळ गेलात तर रक्त निघतं. बजींसोबत तर एका पिंजऱ्यात कधीच ठेवू नका, छोट्या पक्ष्यांचे पाय तोडतात. लहान मुलीच्या हातात द्यायचा पक्षी हा नव्हे.

खडीसाखर

म्हणजे फिरून बजीच :)

एक की दोन, याचं माझं उत्तर दोन. तुमचं घर काही दिवस दिवसभर बंद असतं. बजी रानात हजारोंच्या थव्यात राहणारा पक्षी, त्याला आठ-नऊ तास एकटं ठेवणं म्हणजे शिक्षा. आरसा लावून सोबतीची उणीव भरून निघत नाही, उलट तो आरशातल्या पक्ष्याला भरवायला लागतो आणि त्यातच अडकतो.

दोन नर घ्या. नर-मादी घेतलीत तर अंडी, पिल्लं आणि सततच्या अंडी घालण्याने मादीची झीज, हे सगळं पहिल्याच वर्षी अंगावर येईल. दोन माद्या भांडतात.

ओळखायचं नाकपुड्यांभोवतीच्या मांसल भागावरून. मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी. पिल्लांत अवघड, पण कोवळ्या नराचा सलग गुलाबी-जांभळा असतो, तर मादीच्या नाकपुड्यांभोवती फिकट पांढुरकं कडं दिसतं. पांढऱ्या आणि पिवळ्याधमक, लाल डोळ्यांच्या बजींमध्ये हा नियम चालत नाही, तिथे नर मोठेपणीही गुलाबीच राहतो. वय बघायचं असेल तर कपाळ बघा. आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतील तर अजून पहिली पीसगळ झालेली नाही, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांच्या आतला.

वाटसरू

दोन घेतले की ते एकमेकांतच रमतात आणि माणसाकडे येत नाहीत, हेही सांगायला हवं. मुलीला बोलणारा हवा होता. एकटा बजी माणसाकडून जास्त शिकतो.

खडीसाखर

शिकतो, हे खरं. दोघांना माणसाळवायला वेळ जास्त लागतो, हेही खरं. पण एक जण हातावर आला की दुसरा त्याचं बघून येतो. आणि बोलण्यासाठी पक्ष्याला एकटं ठेवायचं, हे मला मनापासून पटत नाही. घरात दिवसभर कुणी असतं तर मी एकही चालेल म्हटलं असतं.

पंखवैद्य

पशुवैद्य आहे, पक्ष्यांवर उपचार करतो. दोन्ही बाजू वाचल्या. या घरासाठी दोन बजी हा निर्णय मलाही योग्य वाटतो. पण जात कोणतीही निवडा, माझ्याकडे येणारे बहुतेक आजार पुढच्या गोष्टींतून येतात, म्हणून लिहितो.

फक्त बिया खाणाऱ्या पक्ष्याचं यकृत चरबीने भरतं आणि जीवनसत्त्व 'अ' कमी पडतं. बजींमध्ये हे फार दिसतं, कारण त्यांना बिया सोडून काही खायची सवय लावलेलीच नसते. पेलेट (पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या), हिरव्या पालेभाज्या, किसलेलं गाजर, आणि बिया थोड्या. सवय बदलायला आठवडे लागतात आणि त्या काळात रोज वजन करायचं. उपाशी ठेवून सवय लावायची नाही, ३० ग्रॅमचा पक्षी उपास सोसू शकत नाही.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी, दारू, खारट खाणं अजिबात नाही.

नॉन-स्टिक भांडी. रिकामं तापलेलं नॉन-स्टिक भांडं जो वायू सोडतं त्याने माणसाला काही जाणवायच्या आत शेजारच्या खोलीतला पक्षी मरतो. पक्ष्याच्या श्वसनसंस्थेत फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, हवेतून येणारं विष त्यांच्यात झपाट्याने भिनतं. उपचाराला वेळच मिळत नाही. पक्षी घरात येण्याआधी ही भांडी बदला. एअर फ्रायर, इस्त्री, हीटर यांच्यावरही कधी कधी तोच थर असतो.

ऍलर्जीबद्दल: बजीची भुकटी कॉकटिएलपेक्षा बरीच कमी, पण शून्य नाही. पिसांतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांमुळे काही माणसांच्या फुप्फुसांना हळूहळू सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना 'घरात पक्षी आहे' हे आधी सांगा. पिंजरा झोपायच्या खोलीत नको. विष्ठा कोरडी खरवडू नका, आधी ओली करून मग पुसा. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस हा जंतूंमुळे होणारा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, औषधाने बराही होतो, पण ताप-खोकल्याशी पक्ष्याचा संबंध लावणं कुणाला सुचत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हाताने भरवायचं पिल्लू घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं की 'भरवल्याने लळा लागतो'. जास्त गरम खाण्याने गळ्याची पिशवी भाजलेली आणि खाणं श्वासनलिकेत गेलेली पिल्लं मी वाचवू शकलेलो नाही अशी कितीतरी आहेत. स्वतः दाणे टिपणारं, उडता येणारं पिल्लूच घ्या. लळा नंतरही लागतो.

मोरपिशी

डॉक्टर, भांड्यांचं हे मला माहीतच नव्हतं. आज संध्याकाळीच स्वयंपाकघर आवरते.

रानपिंगळा

अजून एक वाट सुचवतो. कुणीतरी सांभाळू न शकल्याने द्यायला काढलेले मोठे बजी, कॉकटिएल नेहमीच असतात. त्यांचा स्वभाव, आवाज, आजार सगळं आधीच दिसतं. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच असतो. फक्त डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पिंजऱ्याचं थोडक्यात: उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. गोल पिंजरा नको. प्लास्टिकच्या सारख्या जाडीच्या दांड्या काढून वेगवेगळ्या जाडीच्या खऱ्या फांद्या लावा, नाहीतर तळव्यांना फोड येतात. सॅंडपेपरचं वेष्टण अजिबात नको. रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता. बाहेर सोडताना छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड.

कवडसा

ठरलं. दोन नर बजी, स्वतः खाणारे. त्याआधी बजी असलेल्या एका ओळखीच्या घरी नवरा जाऊन बसणार आहे, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी. त्याला त्रास झाला तर थांबू, मुलीलाही तसं सांगून ठेवलं आहे. नॉन-स्टिक तवा आणि कढई दोन्ही घराबाहेर गेल्या.

शेवटचा प्रश्न. घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून मुलीने त्यांना हातावर घ्यायचा प्रयत्न करावा का? ती थांबायला तयार नाही.

खडीसाखर

पहिले काही दिवस हात पिंजऱ्यात फक्त दाणा-पाण्यासाठी. पण मुलीला काम द्या: पिंजऱ्याजवळ बसून मोठ्याने वाचायचं. आवाज ओळखीचा होतो आणि बोलणाऱ्या बजीची सुरुवातही तिथेच होते. ती वाचत असताना ते खायला लागले, पिसं साफ करायला लागले की समजायचं, आता भीती गेली. मग गजांमधून राळ्याचं कणीस धरायचं, मग दारातून, मग तळहातावर. मागे सरकले की कालच्या पायरीवर परत. मुठीत पकडायचं कधीच नाही.

पंखवैद्य

त्यात एक भर. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा घ्या आणि त्यावर छोटी दांडी बसवा. हातावर यायला लागले की रोज सकाळी खाण्याआधी काट्यावर चढायचं, आणि वहीत आकडा मुलीनेच लिहायचा. पक्षी आजार लपवतात. फुगून बसलेला, श्वासासोबत शेपूट हलवणारा, पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला पक्षी दिसतो तोवर उशीर झालेला असतो. वजन त्याआधी घसरतं. नेहमीच्या वजनाचा दहावा भाग कमी झाला, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजीचे साडेतीन ग्रॅम, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर जवळपास कोण आहे, हे पक्षी घरी येण्याआधीच शोधून ठेवा. सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत.